एकटीचा डबा

माझे वडील तालमीतले. गुडघा निकामी झाला आणि कुस्ती सुटली, पण तालीम काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. घरात मुलगा नव्हता, मी एकटीच. मला आखाड्यात उतरवायची त्यांची हिंमत झाली नाही, म्हणून त्यांनी मला पाण्यात उतरवलं. पोहण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मग पैलवानाचे सगळे कायदे त्यांनी जसेच्या तसे मला लावले.

पहिल्या स्पर्धेला शर्यतीआधी त्यांनी मला तांब्याभर बदामाची थंडाई पाजली. ती सगळी अर्ध्या शर्यतीत बाहेर आली. पुढच्या वेळी थंडाई अर्धा तांब्या झाली, बंद झाली नाही. हे आठवलं की आजही हसू येतं. दुसऱ्या कायद्याचं मात्र येत नाही.

तो जेवणाचा होता. पुढच्याच स्पर्धेत दुपारी मुलींनी गोल करून डबे उघडले आणि मीही आपली त्यांच्यात जाऊन बसले. वडिलांनी दंडाला धरून उठवलं.

"जिच्यासंगं लढत लागायची, तिच्या डब्यात हात घालायचा न्हाय," ते म्हणाले. "माया लागती. मग हात ढिला पडतोय."

मी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर अगदी वर जाऊन एकटीच जेवले आणि संध्याकाळी पहिली आले. तिथंच घात झाला. हरले असते तर वडिलांनी तो कायदा कदाचित सोडला असता.

मग मी दहा-अकरा वर्षं तशीच जेवले. गाव कुठलंही असो, तलाव कुठलाही असो, माझी जागा वरच्या पायरीवर. सुरुवातीला मुली बोलवायच्या. नंतर मला 'राणीसाहेब' म्हणायला लागल्या, आणि मग तेवढंही म्हणेनाशा झाल्या. पाण्यात तर कुणाशी बोलता येतच नाही. तळावरची काळी पट्टी बघत सकाळ-संध्याकाळ जायचं आणि यायचं. खोटं कशाला बोलू, मला फार एकटं वाटायचं. पण चारशे मीटरचा राज्य विक्रम मोडला त्या दिवशी पेठेत हलगी वाजली, वडिलांनी मला स्वतःच्या हातानं फेटा बांधला आणि म्हणाले, "बघ, सांगत हुतो का न्हाय?" त्या दिवशी मला त्यांचं पटलं.

त्यालाही आता अठरा वर्षं झाली. वडील गेले. लग्न जमलं नाही, त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नाही. खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेली नोकरी आहे, तिथंही मी माझ्या टेबलावरच एकटी डबा उघडते. दरवर्षी राज्य स्पर्धेचे निकाल आले की आधी चारशे मीटर बघायचे. विक्रम शाबूत असायचा. तो आहे तोवर ती एकटीची जेवणं फुकट गेली नाहीत, अशी माझी समजूत होती.

यंदा स्पर्धा आमच्या कोल्हापुरातच होती आणि मला स्टॉपवॉचवर वेळ घ्यायला बोलावलं होतं. चारशे मीटरला पेठ वडगावची एक मुलगी नेमकी माझ्याच लेनमध्ये आली. शेवटच्या फेरीला ती वळली तेव्हाच घड्याळ बघून मला कळलं. मनात पाप आलं, अंगठा जरा उशिरा दाबावा. पण एका लेनला तिघं वेळ घेतात, आणि तसंही ते माझ्याच्यानं झालं नसतं. तिनं भिंतीला हात लावला, मी बटण दाबलं. विक्रम गेला.

दुपारी मी डबा घेऊन सवयीनं पायऱ्या चढायला लागले. खाली ती मुलगी बसली होती. भोवती सकाळी तिच्याबरोबर पोहलेल्या सगळ्या जणी. दुसरी आलेली तिच्या डब्यातला खर्डा बोटानं चाटत होती आणि तिखट लागलं म्हणून हिलाच शिव्या घालत होती. मी अर्ध्या पायऱ्या चढून थांबले. पाय वर जाईनात.

"मॅडम, एकट्याच कुठं चाललाय? या की हिकडं," विक्रम मोडणारी म्हणाली.

"माझं झालंय," मी म्हणाले. हातात भरलेला डबा होता.

"मग आमच्यासंगं परत जेवा की," ती म्हणाली आणि सरकून जागा केली.

मी बसले. कुणीतरी माझ्या चपातीवर खर्डा वाढला. माझाच विक्रम होता हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या भराभर प्रश्न विचारत होत्या. थंडाईची गोष्ट सांगितली तर पोट धरून हसल्या. मग विक्रम मोडणारीनं सहज विचारलं, "मॅडम, त्या फायनलला तुमच्याबरोबर कोण कोण हुतं? त्या आता कुठं असत्यात?"

मी घास हातात धरून आठवत बसले. त्यांच्यातल्या दोघी-तिघी तर सात वर्षं माझ्या शेजारच्या लेनमध्ये पोहल्या होत्या. मला एकीचंही नाव माहीत नव्हतं.