काळा स्क्रीन आणि नाण्याएवढी देवी

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. मी कुणाकडं चहा पितो, कुणाला बघून रस्ता बदलतो, सगळं. एवढं एक सोडून. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत, हेच कारण असेल.

जिंतूरला बस स्टँडच्या समोर माझं लॅपटॉप-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानापुढं एक बाकडं. त्याच्यावर बसची वाट बघणारे कमी अन् रिकामटेकडे जास्त. मी मशीन हातात घेतलं की सगळे माना लांब करून बघणार. मला डॉक्टर म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, मग मलाच ते आवडायला लागलं. पण डॉक्टर झालं की एक पंचाईत होते. 'बघावं लागेल' असं म्हणता येत नाही. नुसती नाडी धरून रोग सांगावा लागतो.

काळ्या स्क्रीनची आमच्या धंद्यात एक साधी परीक्षा आहे. लॅपटॉप चालू आहे, पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळा — तर मोबाईलचा टॉर्च तिरका धरायचा. आत अंधुक चित्र दिसलं तर स्क्रीन जिवंत आहे, फक्त त्याच्या मागचा उजेड गेलाय. मग आधी सोप्या गोष्टी बघायच्या. झाकण मिटलं की उजेड बंद व्हावा म्हणून झाकणात बारीक चुंबक असतं अन् खाली ते ओळखणारा सेन्सर. तो आधी तपासायचा, मग वायर, अन् सगळ्यात शेवटी बोर्ड — ते गेलं तर खर्चही मोठा अन् वेळही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणू का? माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

दसरा नुकताच झाला होता. बोरीचे मारोतीराव आले, संगं त्यांची पोरगी रेखा. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला, कारण झाकण पुरतं लागत नव्हतं. की-बोर्डच्या कडेला देवी बसवलेली — नाण्याएवढी, चपटी, गाडीत चिकटवतात तसली. आमच्याकडं दसऱ्याला हत्यारं पुजतात. ज्याचं पोट ज्याच्यावर, ते पाटावर मांडायचं. मारोतीरावांच्या घरी त्या वर्षी ऊसतोडीच्या कोयत्यांशेजारी लॅपटॉप मांडला होता, अन् देवी तेव्हाच बसवली होती.

टोळी दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यावर निघणार होती. रेखा पहिल्यांदाच मागं राहणार होती, आत्याकडं. कॉम्प्युटरच्या कोर्सचे तिचे वर्ग लॅपटॉपवर चालायचे. पुढं परभणीत कुठंतरी नोकरी लागेल, अशी आशा. बापाची अट एकच — लॅपटॉप चालला तर रहा, न्हाईतर चल. हे सगळं तिनं मला उभ्या उभ्या सांगितलं अन् वर म्हणाली, "दादा, चांगला होता हो. दसऱ्याला पूजा केली अन् दुसऱ्या दिवसापासून अंधार."

इथं जरा थांबतो. कारण रोग तिनंच सांगितला होता — अन् मी काय केलं? बाकड्याकडं बघून म्हणालो, "पूजेनं लॅपटॉप बिघडायला लागले तर मला दुसरं दुकान घ्यावं लागंल!" सगळे हसले. तीही हसली, कानकोंडी होऊन.

मी टॉर्च तिरका धरला. आत चित्र होतं. देवीला नमस्कार केला, पण तिला हलवलं नाही. दुसऱ्याच्या पुजलेल्या देवाला हात कसा लावायचा, ते तर होतंच. पण खरं सांगू? मला तपासायचंच नव्हतं. बाकड्यावरचे वाट बघत होते. मी म्हणालो, "बोर्ड गेलं."

मारोतीराव पोरीला म्हणाले, "चल मंग. आमी तरी काय करावं, बाई." तिचा हात लॅपटॉपवरून लवकर निघेना. सीझन संपल्यावर न्यायला येतो म्हणून ते तो माझ्याकडंच ठेवून गेले.

दोघं समोर स्टँडवर बोरीच्या बसची वाट बघत उभे राहिले. मी लॅपटॉप फळीवर ठेवायला घेतला, झाकण लागेना म्हणून देवी उचलली — अन् स्क्रीन लख्ख उजळला. देवीच्या पाठीला चुंबक होतं. लॅपटॉपला आपलं वाटत होतं की झाकण मिटलंय. बिघाड काहीच नव्हता.

एक रस्ता ओलांडायचा होता. हाक मारली असती तरी त्यांना ऐकू गेली असती. पण बाकड्यावर कुणीतरी नुकतंच म्हणालं होतं, "आपल्या डॉक्टरला उघडून बघायची गरजच न्हाई." अन् मी — मी देवी परत होती तिथं ठेवली. स्क्रीन काळा झाला. हो, मी ती परत ठेवली. ते दोघं बसमध्ये चढेपर्यंत तसाच उभा राहिलो. अन् फोन? मारोतीरावांचा नंबर होता माझ्याकडं. नाही केला.

उन्हाळ्यात ते न्यायला आले. मी म्हणालो, बोर्ड दुरुस्त झालं. मारोतीरावांनी हात जोडले. मी पैसे घेतले नाहीत, त्यानं तर माझं आणखीच नाव झालं. रेखाचा कोर्स बुडाला होता, लग्न ठरलं होतं. लॅपटॉप पुढं तिच्या भावानं सिनेमे बघायला वापरला म्हणे.

निघताना ती वळली. "दादा, आमची देवी हुती ह्याच्यावर..." दिली असती तर तिनं परत तिथंच बसवली असती, परत अंधार झाला असता, अन् कुणीतरी शहाण्यानं तिला कारण सांगितलं असतं. मी म्हणालो, "इथं तर न्हाई राहिली." ती म्हणाली, "मंग पडली असंल कुठं. माझंच ध्यान नसंल."

आता ती नवऱ्यासंगं ऊस तोडायला जाते. दरवर्षी दसरा झाला की टोळी निघायच्या आधी मोबाईल दाखवायला माझ्याकडंच येते. गेल्या वर्षी म्हणाली, "दादा, ह्ये बोट घेईना बघा, खराब झालंय का?" त्या वेळी मी आधी रोग न सांगता मोबाईल खोलला, सगळं नीट तपासलं. बोट ओळखणारा सेन्सर चांगला होता. माझं बोट नोंदवून बघितलं, ते तो लगेच घ्यायचा. मग तिचा हात बघितला. कोयता धरून धरून बोटांवरच्या रेघाच झिजल्या होत्या. मला फार लाज वाटली. तिला म्हणालो, नंबरचं लॉक टाकून देतो.

बाकड्यावर एक नवीन गिऱ्हाईक बसलं होतं, लॅपटॉप मांडीवर घेऊन. रेखा त्याला म्हणाली, "बिनघोर द्या ह्यांच्याकडं. लय इमानदार माणूस हाय." मी मान वर केली नाही. देवी माझ्या ड्रॉवरमध्येच असते. उघडलेल्या मशीनचे बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून मी ते तिच्या पाठीला लावून ठेवतो. रेखाच्या मोबाईलचे स्क्रू त्या दिवशी तिथंच होते. एकेक काढून मी ते बसवले अन् ड्रॉवर लावून घेतला.