पावडरच्या डब्यातली अळी

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. लग्न होऊन मी समुद्रपूरकडच्या त्या गावात आले, तेव्हा सासरे माझ्याशी बोलत नसत. राग नव्हता, रीत होती. सुनेशी थेट बोलायचं नाही, काय ते सासूबाईंमार्फत सांगायचं. मी समोर उभी असले तरी म्हणायचे, "तिले सांग, च्या गोड झाला." मग सासूबाई हातभर अंतरावरच्या मला तेच पुन्हा सांगायच्या. मी वर्ध्याला वाढलेली, तोंडाची फटकळ. डोकं फिरायचं माझं, पण पदर सावरून गप्प बसायची.

एक दिवस शेतात भाकरी घेऊन गेले, तर कपाशीच्या पानावर ती बसलेली. बोटाएवढी अळी, अंगभर काळे-पांढरे पट्टे, मधूनमधून पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. अशी मी जन्मात पाहिली नव्हती. पानासकट उचलली, घरी आणली, पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. त्या घरात चूल, भांडी, अंगण, सगळं दुसऱ्यांचं होतं. ही तेवढी माझी. वेडेपणा म्हणा हवं तर.

संध्याकाळी सासऱ्यांनी डबा पाहिला. त्या वर्षी कपाशीवर अळीच अळी होती, फवारे मारून मारून माणसं थकली होती. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तिले विचार, कुठं सापडली?"

"कपाशीवर," मी सासूबाईंना सांगितलं.

"मंग कपाशीचीच हाय. घरात वैरी पोसून राह्यली काय? टाक म्हणा चुलीत."

"नाही टाकणार!" मी बोलून गेले. सासूबाईंनी हे काही पोचवलं नाही, पण ऐकू गेलंच होतं. सासरे त्यांनाच म्हणाले, "शनिवारपर्यंत ठेव म्हणा. तिच्यापुढं कपाशीचं पान टाक. खाल्लं, का चुलीत."

आता माझी पंचाईत ऐका. खाल्लं तर जळणार, नाही खाल्लं तर उपाशी मरणार. इकडे आड, तिकडे विहीर. कपाशीच्या पानाला तिनं तोंड लावलं नाही, तेव्हा मी हरखले, पण तेवढ्यापुरतीच. मग हिचं पान कोणतं? तुरीचं टाकलं, अंबाडीचं टाकलं, कढीपत्ता, एरंड, बोर. ती पानाजवळ जायची, डोकं हलवायची आणि वळायची. शुक्रवारी तर डब्याच्या तळाशी आक्रसून पडली. काडी लावली तरी हलेना. मला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. अळीसाठी कोण रडतं?

"शेताच्या धुऱ्यावर, बांधाला रुई आहे, तिचं पान घालून बघू?" मी सासूबाईंना विचारलं.

"येडी झाली काय वं? रुईचा चीक म्हणजे जहर. डोये जातीन तुये. बकरी तोंड लावत नाई त्याले, हे काय खाईन!"

बकरीनं सोडलं ते कोणीच खात नाही, असं गावात सगळेच धरून चालायचे. मलाही पटलं.

शनिवारी सासरे आंघोळ करून स्वतः रुईची पानं तोडून आणायचे, मारुतीच्या माळेसाठी. पान अखंड लागायचं, फाटकं-किडकं चालायचं नाही. त्या सकाळी पानांचं ताट ओसरीवर ठेवून ते दोरा आणायला आत गेले. सासूबाई विहिरीवर होत्या. जगली की गेली ते बघायला मी डबा ताटाजवळ उन्हात ठेवून झाकण काढलं, तेवढ्यात चुलीवर दूध उतू गेलं म्हणून धावले. परत येते तो डबा रिकामा.

अगं बाई! ताटात, देवाच्या पानावर बसून ती खात होती. अधाशासारखी, कडेपासून आत आत. देवाचं पान उष्टं झालं, तेही माझ्या अळीनं! उचलायला हात पुढे केला तर सासरे दारात उभे. निरोप द्यायला सासूबाई नव्हत्या, आणि माझ्याशी बोलायची रीत नव्हती. आता चूलच, दुसरं काय.

ते ताटाशी उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले आणि मग अळीलाच म्हणाले, "रुईची व्हय काय वं तू? मंग कपाशीवर काय झक माराले गेलती?"

अळी खातच होती.

"खाय, खाय. मारुतीले पानाईचा तोटा नाई."

ते पान देठाला धरून त्यांनी अलगद डब्यात ठेवलं आणि माळेसाठी दुसरं आणायला धुऱ्याकडे गेले. मी ओसरीचा खांब धरून रडले. या वेळी लाज वाटली नाही.

पुढं तिनं झाकणाला उलटं लटकून हिरवा कोष केला, त्याला सोनेरी ठिपके. सासऱ्यांनी ते झाकण सुतळीनं ओसरीच्या खुंटीला टांगलं आणि सासूबाईंमार्फत निरोप धाडला, "तिले सांग, हात नको लावजो." असा संताप आला म्हणून सांगू! अळीशी बोलतात, माझ्याशी नाही.

मग एका सकाळी मी भाकरी थापत होते, तर ओसरीवरून हाक आली, चार घरं ऐकतील अशी.

"सूनबाई! अवं धाव लवकर! तुही अळी उडून राह्यली!"

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मला पदर घ्यायचंसुद्धा सुचलं नाही. पिठाच्या हातानं तशीच धावले.