आक्कांच्या बैठका

साठी ओलांडलेली बाई हाताचा टेकू न घेता जमिनीवरून उठते, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते आक्कांच्या स्वयंपाकघरात. भाकऱ्या झाल्या की पिठाची परात दोन्ही हातांत धरून त्या सरळ उभ्या राहायच्या. कोल्हापुरात नोकरीला आले तेव्हा मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते.

आक्का रोज सकाळी शंभर बैठका काढायच्या. माहेर मुरगूडचं, वडील पैलवान. भाऊ तालमीत जायचे. "मला कोण न्हेतंय? मी भावांचं बघून घरातच काढायचो," त्या सांगायच्या.

मला पाय बारीक करायचे होते. बघायला आलेल्या मुलाची आत्या जाताना म्हणाली होती, "मुलगी चांगली आहे, पण पायानं जाड वाटते." ते वाक्य डोक्यातून जाईना. मोबाईलवरचे व्हिडिओ लावून मी खोलीत उड्या मारू लागले. दणदण ऐकून आक्का वर आल्या आणि म्हणाल्या, "असं गुडघं मोडून घेशील. खाली येत जा."

तीन महिने त्यांच्यासोबत बैठका काढल्या. दर रविवारी मांडीला टेप लावायचे. कंबर उतरली, गाल बसले, मांड्या मात्र जेमतेम बोटभर कमी झाल्या. एका रविवारी टेप हातात घेऊन मी त्यांच्यासमोर रडले.

"चरबीला पत्ता सांगून धाडता येत न्हाई पोरी," आक्का म्हणाल्या. "जाती तवा सगळीकडनं जाती, तिच्या मर्जीनं. आन बांधा तुझ्या आईचा हाय. त्यो कुठं जाईल?"

"मग एवढ्या बैठकांचा उपयोग काय?"

त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. त्यांचे यजमान, नाना, अर्धांगवायूनं नऊ वर्षं अंथरुणावर होते. मला ते ठाऊक होतं, पण पडद्यापलीकडे मी कधी गेले नव्हते. आक्का खाली बसल्या, नानांच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली हात घातले आणि उठल्या. श्वाससुद्धा वाजला नाही. नानांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून त्यांचा भांग पाडता पाडता म्हणाल्या, "उपयोग ह्यो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बैठकांना खाली गेले.

त्याच पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं. हाकेला कुणी येण्याआधी ते उंबऱ्याला लागलं. आम्ही दोघींनी नानांना खुर्चीसकट उचललं आणि जिना चढू लागलो. मध्यावर माझ्या मांड्या थरथरायला लागल्या.

"आक्का, मला जमणार नाही."

"जमतंय. पायावर इस्वास ठेव."

पायांनी विश्वास राखला. नाना चार दिवस माझ्या पलंगावर होते. मांडीला टेप लावायचं मी त्यानंतर कधी सोडलं, ते आठवत नाही.

पुढं दोन वर्षांनी नाना गेले. पाहुणे पांगले, घर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन खाली गेले, तर आक्का पदर खोचून बैठका काढत होत्या. मी दारातच थांबले. शंभर होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आता कुणासाठी, आक्का?" मी हळूच विचारलं.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, कप हातात घेतला.

"आता मला उठवणारं कोण हाय? माझं मलाच उठाय पायजे की."