गल्लीची पातेली

दुकानात शिरल्या की मावशी आधी माझ्याशी बोलायच्याच नाहीत. कोपऱ्यात पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बोटाच्या पेराने टकटक करायच्या आणि विचारायच्या, "काय रे, हे झोपलंय का?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकरोडच्या आमच्या गल्लीत लग्नाचं सामान भाड्याने देणारी चार दुकानं होती, त्यातलं एक माझं आणि एक मावशींच्या नवऱ्याचं. मंडप, खुर्च्या, भांडी, लायटिंग, प्रत्येकाकडे सगळंच. आणि लग्नसराई संपली की सगळंच धूळ खात पडलेलं. तरी शेजाऱ्याने नवं पातेलं आणलं की आपणही आणायचं, अशी आमची अक्कल. नवरा गेल्यावर मावशी दुकानात बसू लागल्या आणि त्यांनी हे खूळ बंद पाडलं.

"तू खुर्च्या सांभाळ, मी भांडी बघते. मला खुर्च्या लागल्या तर तुझ्याकडून नेईन. सगळ्यांनी तेच तेच कशाला घ्यायचं?"

"आणि तुम्ही माझं गिऱ्हाईक पळवलंत तर?"

"पळवून नेऊ कुठे? तुझ्याच खुर्चीवर बसवणार ना त्याला!"

मी हसलो आणि तिथेच फसलो. हळूहळू चौघांचा खर्च चांगलाच खाली आला. टेम्पो एकच फिरू लागला. कल्हईवाल्याची भट्टीही एकदाच पेटायची आणि चारही दुकानांची पितळी भांडी रस्त्याकडेला रांगेत बसायची. मावशी शेजारी स्टूल टाकून, हातात चहाची बशी. अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल, जिला कुणी पुढारी केलेलं नसतं आणि जिचं सगळे ऐकतात. परत आलेल्या भांड्यात नाक घालून त्या म्हणायच्या, "वांगी होती वाटतं. करपली." वांगी असोत नसोत, पातेलं पुन्हा घासावं लागायचं. आता तो कल्हईवालाही नाही आणि मावशीही नाहीत.

त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मात्र सगळं आमच्याच अंगाशी आलं. नवऱ्या मुलाच्या सुट्टीमुळे तारीख हलेना, आणि त्याच दिवशी माझी निफाडची ऑर्डर होती. मावशींची मोठी पातेली तिकडे कबूल केलेली. मावशींचं ऐकून आम्ही तिघांनी आपापली मोडीत काढली होती, त्यामुळे गल्लीत तेवढीच उरलेली. त्या मुहूर्ताला अख्ख्या शहरात चमचासुद्धा मोकळा नव्हता.

"मी निफाडला नाही म्हणून कळवतो," मी म्हणालो.

"शब्द दिलाय ना? मग? त्यांच्याही घरी पोरीचंच लग्न आहे." मग त्या हळूच म्हणाल्या, "त्यांचं जेवण दुपारचं, आपलं संध्याकाळचं. तू फक्त वेळेत आण रे बाबा."

निफाडला पंगती काही उठेनात. उन्हं कलली, पातेल्यांत भात तसाच. मी टेम्पोपाशी येरझाऱ्या घालत होतो. शेवटी न राहवून मुलीच्या वडिलांना बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगितलं.

ते माझ्यावरच भडकले. "ज्यांची भांडी त्यांच्याच घरी लगीन हाय, अन् तुम्ही आत्ता सांगता व्हय?"

मग मांडवात शिरून त्यांनी हाक दिली. घराघरांतून बादल्या, पराती, दुधाचे कॅन आले. भात, वरण, बुंदी भराभर त्यांत काढली गेली. बायकांनी ठेवणीतल्या साड्या वर खोचून पातेली घासली. त्यांत खुद्द नवरीची आईही होती.

मी पोचलो तेव्हा मावशींचा आचारी चूल पेटवून नुसता बसला होता. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. टेम्पोतून उतरवताना पहिल्या पातेल्याचा एक कान त्यांनी स्वतः धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी मला त्या सख्ख्या आईसारख्या वाटल्या.

लग्न लागलं, जेवणं झाली, मुलगी सासरी निघाली. पाहुणे पांगले. आम्ही खुर्च्या एकात एक रचायला घेतल्या. मावशी एका खुर्चीवर तशाच बसून होत्या.

"मावशी, तुम्ही जा घरी. आम्ही आवरतो सगळं."

त्या उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "तुझ्या बायकोला आज माझ्याकडे झोपायला पाठवशील का रे? घरात कुणीच नाही."