भिलाडच्या पुढचं चलान

आज मी जो काही आहे तो माझ्या मामामुळे. आईचा हा धाकटा भाऊ. बारवी धरणाच्या बाजूला आमचा पाडा, आणि चौथीच्या पुढे शाळा नव्हती. मामाने मला खरवईला आपल्या घरी आणलं, बदलापुरातल्या शाळेत घातलं आणि मी बी.एस्सी. होईपर्यंत मला कधी परत पाड्यावर जा म्हणाला नाही. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो त्याच्या घरात.

मामा स्वतःच्या व्हॅनमधून शाळेची पोरं न्यायचा. पुढच्या सीटखाली इंजिन, त्यामुळे बसलं की मांड्या तापायच्या. त्या सीटवर बसून मी आवर्तसारणी पाठ केली. कात्रपची पोरं घेत घेत मामा इतक्या सावकाश जायचा की मागून एखादा ओरडायचाच, ‘‘काका, सायकलवाला पुढं गेला!’’

‘‘जाऊ दे त्याला. त्याच्या मागं पोरं बसलेली नायत.’’

पोरं हसायची. मामा हसायचा नाही. खड्डा आला की ‘‘धरा रे’’ म्हणायचा आणि व्हॅन अंगावरून चादर ओढावी तशी हळू त्यातून काढायचा. अजूनही कुठे तापलेल्या रेक्झिनचा वास आला की मला त्या सकाळी आठवतात, डब्यातल्या भाजीचा घमघमाट आणि कोणीतरी विसरलेली पाण्याची बाटली.

पदवी झाल्यावर अंबरनाथच्या एमआयडीसीत मी ठेकेदाराकडे काही महिने काढले. मग वापीच्या एका रसायनाच्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. मामाकडे घरच्यांसाठी उल्हासनगरच्या डीलरकडून घेतलेली एक जुनी छोटी गाडी होती. ‘‘मी सोडतो,’’ म्हणाला. पहाटे निघालो. मामीने दह्यासाखरेची वाटी दारातच हातावर ठेवली. पण घोडबंदरला ट्रक उलटला होता. तिथे आम्ही इतका वेळ अडकलो की मी शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसायचंही सोडून दिलं.

‘‘मामा, राहू दे. परत फिरू.’’

‘‘गप बस. फायली धर.’’

तलासरी गेली, गुजरातेतलं भिलाड आलं. त्यानंतर मामाने जी गाडी सोडली तशी मी त्याच्या हातून ना आधी पाहिली ना नंतर. ओठ दाबून तो फक्त समोर बघत होता. मुलाखतीला माझं नाव पुकारलं तेव्हा मी गेटवर सही करत होतो. नोकरी लागली. परतीच्या वाटेवर तो पुन्हा पहिल्यासारखा, सगळ्यांना पुढे जाऊ देत, डाव्या बाजूने.

यानंतर दोन-अडीच वर्षं आमच्यापैकी कोणाला काही कळलं नाही. गाडीचे कागद करताना उल्हासनगरच्या त्या डीलरने मोबाइल नंबराच्या जागी आपल्या दुकानाचाच नंबर टाकला होता. आपल्याकडे निम्म्या जुन्या गाड्यांचं असंच असतं. मालक कोणी, मेसेज कोणाला. त्या दिवसाबद्दलचा मेसेज मामाला कधी मिळालाच नाही.

या एप्रिलमध्ये मी सुट्टीवर आलो होतो. गाडीचा विमा भरायला आम्ही उल्हासनगरला एजंटकडे गेलो. सिंधी माणूस, मामाचा जुना ओळखीचा. हल्ली तो विम्याआधी चलानंही बघतो. त्याने गाडीचा नंबर टाकला आणि चष्मा वर केला.

‘‘साईं, गुजरात में रेस लगाया क्या? ओव्हरस्पीड का चलान है.’’

‘‘माझ्या गाडीला? नीट बघ. नंबर चुकला असंल.’’

त्याने स्क्रीन फिरवली. फोटोत आमची गाडी, पाठीमागून. तारीख माझ्या मुलाखतीच्या दिवसाची होती.

मामाचा पहिला प्रश्न विम्याचा. ‘‘माझी बोनसची सूट गेली का? आजवर कधी क्लेम घेतला नाय मी.’’

‘‘बोनस क्लेम घेतल्यावर जातो, चलानाने नाही. आज तरी नाही, पुढचं झूलेलाल जाने,’’ एजंट म्हणाला. ‘‘माझा भाचा अमेरिकेत आहे ना, त्याला दुसऱ्या स्टेटमध्ये स्पीडचं तिकीट, म्हणजे चलानच, भेटलं. वाटलं, लांबची गोष्ट आहे, कोण विचारतो. ते सीधा घरच्या स्टेटच्या रेकॉर्डवर चढलं आणि विमा महाग. अजून रोता है.’’

‘‘मग आपलं बरं हाय.’’

‘‘कुठे बरं? नाही भरलं तर गाडी विकायच्या वेळी अडकणार. आणि तुझी शाळा, साईं? ती आता कागद मागते ना?’’

मामाचा चेहरा तेव्हा उतरला. शाळा यंदापासून दर मे महिन्यात प्रत्येक व्हॅनवाल्याकडून त्याच्या नावावरच्या सगळ्या गाड्यांच्या चलानांचा कागद घेते. वेगमर्यादा मोडल्याचं एकही चलान असलेला माणूस मुलांची गाडी चालवणार नाही, असा त्यांचा नियम आहे.

आमच्या आळीत त्या संध्याकाळी सल्ल्यांचा पाऊस पडला. ‘‘लोकअदालतीला थांब, अर्ध्यात होतं.’’ ‘‘अरे, गुजरातचं चलान इथल्या लोकअदालतीत कसं मिटेल?’’ ‘‘भरूच नको. भरलं म्हणजे कबूल केलं.’’

‘‘मग? कबूलच हाय,’’ मामा म्हणाला आणि माझ्या फोनवरून ते भरून टाकायला लावलं.

रात्री जेवताना मी म्हणालो, ‘‘मामा, गाडी मी चालवत होतो असं लिहून देतो. फोटोत पाठमोरी गाडी आहे, कोण दिसतंय? मला कुठे पोरं न्यायचीत?’’

त्याने घास खाली ठेवला. ‘‘तुला तेव्हा लायसन होतं?’’

लायसन मी वापीला गेल्यावर काढलं होतं.

‘‘शिकवला कशाला तुला एवढा?’’ आणि मग मामीकडे वळून म्हणाला, ‘‘वाढ त्याला.’’

दुसऱ्या दिवशी तो स्वतः मुख्याध्यापिका बाईंकडे गेला. मी बाहेर बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं. बाई म्हणाल्या, ‘‘काका, तुमच्यासारखा माणूस माझ्याकडे दुसरा नाही. पण उद्या दुसऱ्या कोणाला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?’’

‘‘मला ‘हो’ म्हणूच नका बाई,’’ मामा म्हणाला. ‘‘माझ्या पोरीची पोर बी याच शाळेत यायची हाय पुढं. नियम राहू दे.’’

जूनपासून व्हॅन मामाचीच, पण चालवायला त्याने दुसरा माणूस ठेवला. मुलांना चढवायला-उतरवायला जो माणूस लागतो, त्या जागेवर मामा स्वतः बसू लागला. हे मला मामीने फोनवर सांगितलं. मी त्याच्याशी आभाराचं काही बोलायला लागलो की तो फोन तिच्याकडे देतो. म्हणून वापीहून मी त्याला पत्र पाठवलं. ते असं:

तीर्थरूप मामास,

साष्टांग नमस्कार. पत्रात वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’ लिहावं असं शाळेत शिकवलं, पण तुला तसं लिहायला घेतलं की दुसऱ्याच कोणाला लिहितोय असं वाटतं.

त्या दिवशी तू वेगमर्यादा मोडलीस हे चूकच. रस्त्यावर इतरांचीही पोरं होती, हे तूच मला परतताना सांगितलंस, आणि नंतर घर येईपर्यंत बोलला नाहीस. तुझं व्हॅन चालवणं गेलं ही त्या चुकीची किंमत, आणि त्याच चुकीचं फळ माझी नोकरी. हे मला कुठेही जुळवता येत नाही. जुळवायचा प्रयत्न मी आता सोडला आहे. एवढंच सांगतो, मी हे विसरून कधी जगणार नाही.

मामी सांगत होती, बाजूच्या सीटवर बसून तू रिकाम्या जागी ब्रेक दाबावा तसा सारखा पाय दाबतोस आणि नवा ड्रायव्हर वैतागतो. त्याला वैतागू दे. दाबत राहा.

तुझा,
भाचा