राजीखुशीचा कागद

माझ्या धाकट्या जावेबद्दल लिहायचं तर आधी एक कबूल करून टाकते. मला तिचा हेवा वाटतो. आता दोघींचे गुडघे गेले, दोघी सकाळी एकाच डब्यातल्या गोळ्या घेतो, तरी वाटतो.

ती आमच्या घरात आली तेव्हा मी सात वर्षं जुनी सून. शहापूरपासून आत आमचं गाव, भाताची शेती. मी मुरबाडकडची, जत्रेचं म्हसा गाव आहे त्याच्या अलीकडल्या गावातली, चौथी शिकलेली. आणि ही वकिलीची परीक्षा देऊन आलेली. आमच्या भागातली पहिली बाई वकील. तिचा काळा कोट दोरीवर वाळत घातला की शेजारच्या बायका कुडाशी उभ्या राहून बघायच्या. माझी लुगडी त्याच दोरीवर असायची, त्यांच्याकडे कोण बघणार?

सासरे आम्हा बायकांशी कामापुरतं बोलायचे. तिला मात्र सकाळी ओटीवरून हाक मारून विचारायचे, "आज तारीख कोणाची?" ती सांगायची अमक्या गावची अमकी, नवरा वारलाय, दिरांनी सातबाऱ्यावर नाव लागू दिलं नाय. सासरे मान हलवत ऐकायचे. मी आत तांदूळ पाखडता पाखडता ऐकायचे. मला त्यांनी सात वर्षांत विचारलेला सगळ्यात मोठा प्रश्न होता, "आमटीत मीठ घातलंस का?"

तोंडावर मी तिला वकीलबाई म्हणायचे. टोमणाच होता तो. पण तिला कळायचं नाही, की कळून ती घ्यायची नाही, देव जाणे. "बोला वैनी," म्हणायची, हसून. असल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

खोटं नाही सांगत, कष्टही होते तिचे. बाहेर बायकांची सोय कुठंच नसायची तेव्हा, म्हणून ती दिवसभर पाणी प्यायची नाही. संध्याकाळी घरी आली की कोट न काढता मोरीशी उभी राहून दोन तांबे पाणी घटाघटा प्यायची. मला दिसायचं. मी तिला एकदाही "बस गो, बसून पी" म्हटलं नाही.

पुढं ती पहिल्यांदा जिल्हा परिषदेला उभी राहिली आणि पडली. त्या दिवशी मी शिरा केला. घरात सांगितलं, तिचं तोंड गोड व्हावं म्हणून केला. खरं कारण माझं मला ठाऊक. मग ती पुन्हा उभी राहिली, निवडून आली, आणि पुढं आमदारही झाली. तेव्हा शिरा करायचं मला काही सुचलं नाही.

पण या सगळ्यात एक गोष्ट माझी झाली होती, ती सांगते.

तिच्या कामाचे टाइप केलेले कागद बिघडले की ती ते चुलीशी ठेवायची, पेटवायला. मी एकेक कागद चुलीत घालायच्या आधी वाचायला लागले. पहिल्यांदा निव्वळ जळफळाटानं, की बघू तरी एवढं काय लिहिते. चौथीचं वाचन गंजलेलं. एका कागदाला आठवडा लागायचा. "सबब", "सदर इसम", "सामनेवाले" असले शब्द भाकरी थापताना मनात घोळवायचे. हळूहळू कळायला लागलं. एक शब्द सारखा यायचा. कोणी बाई आपल्या बापाच्या जमिनीतला वाटा भावाला सोडून देते, त्या कागदाला हक्कसोड म्हणतात, आणि त्यात हमखास लिहिलेलं असायचं, "राजीखुशीने". मी विचार करायचे, एवढ्या बाया राजी आणि खूश, मग त्या माझ्या जावेकडं रडत कशाला येतात?

मी वाचते हे मी कोणाला सांगितलं नाही. तिला तर मुळीच नाही.

माझे वडील गेले त्याला वर्ष झालं असेल. एका दुपारी दादा आणि भावजय आले. भावजयीच्या हातात साडी, नारळ, पेढे. दादा ओटीवर टेकायच्या आधीच आत डोकावून म्हणाला, "वकीलबाई नाय ना घरात?"

"मुंबईला गेली, अधिवेशन हाय तिचं."

"बरं झालं," म्हणाला, आणि पिशवीतून कागद काढला. "बाय, नुसती सही दे. सातबारा साफ करून घेतो."

ते "बरं झालं" मला झोंबलं. म्हणजे ती घरात नाही तर कागद वाचणारं घरात कोणी नाही. मी हात पुसले, चष्मा लावला आणि दादाच्या समोर बसून वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. दादा बघतच राहिला. भावजय म्हणाली, "अहो, चहा तरी ठेवा आधी." मी म्हटलं, "थांब, दुसरं पान व्हायचंय."

दुसऱ्या पानावर तो शब्द होताच. मी बोट ठेवलं. "दादा, ही राजीखुशी कोणाची?"

"तुझीच की. असंच लिवतात."

"मला कोणी इचारलं?"

"आता इचारतोय ना."

"मग नाय," मी म्हटलं. "माझं नाव राहू दे बाबांच्या नावाखाली. भात तूच पिकव, तूच खा. पण नाव राहू दे."

दादानं कागदाची घडी घातली. भावजयीनं साडी उचलून पिशवीत घातली. नारळ आणि पेढे तसेच टाकून दोघं गेली. त्या वर्षी म्हशाच्या जत्रेला मला बोलावणं आलं नाही. पुढल्या वर्षीही नाही. जत्रेला माहेरी जायचं नाही म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बाईलाच कळेल. सगळ्या लेकी येतात, घोंगड्या घेतात, बैल बघतात, आणि भावाच्या घरी जेवून जातात.

दादानं मुरबाडभर सांगितलं, "वकीलबाईनं शिकवलं तिला. आमची बाय अशी नव्हती." आमच्या गावातही हेच. ज्याला त्याला वाटायचं, एवढी अक्कल जावेचीच. बोलावणं माझं बंद, वाहवा तिची.

आणि मग शहापूरला तिचा सत्कार झाला. सभागृह भरलेलं. मी पहिल्या रांगेत, मांडीवर तिला मिळालेल्या शाली सांभाळत. ती म्हणाली, "बायकांच्या हक्कासाठी मी कोर्टात लढले, सभागृहात बोलले, पण सुरुवात मी माझ्या घरापासून केली. माझ्या जाऊबाईंनी हक्कसोडीवर सही केली नाही." टाळ्या पडल्या. लोक माझ्याकडं वळून असे प्रेमानं बघायला लागले, जसं शहाण्या शेळीकडं बघतात. माझ्या मांडीवरच्या शाली जड झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाला आत आली. मी नाचणीची भाकरी थापत होते.

"वकीलबाई, काल जे बोललीस ना, ते खोटं बोललीस."

"काय खोटं, वैनी?"

"त्या दुपारी तू होतीस का हितं?"

"नव्हते. पण..."

"मला तू कधी सांगितलंस, सही करू नको म्हणून?"

ती आठवायला लागली. "नाय," म्हणाली. "मग कागदात काय हाय ते तुम्हाला सांगितलं कोणी?"

"मी वाचला."

"वाचला?"

"तू चुलीशी ठेवायचीस त्या कागदांवर शिकले."

कप तसाच तिच्या हातात. मला वाटलं, आता म्हणेल काहीतरी चांगलं. तर वकीलच ती. म्हणाली, "म्हणजे माझ्याच कागदांवर शिकलात."

मी भाकरी तव्यावर अशी टाकली की पीठ उडालं. "कागद तुझे गो, पण वाचताना डोळे माझे गेले. जत्राही माझीच गेली."

"जत्रा?" ती म्हणाली. पण तेवढ्यात बाहेर तिला भेटायला माणसं आली आणि ती उठली. दारातून वळून म्हणाली, "पुढच्या बैठकीला डोळखांबला चला. तुमीच सांगा तुमचं."

मला वाटलं, बोलायचं म्हणून म्हणाली असेल. पण बैठकीच्या दिवशी गाडी खरंच दाराशी थांबली.

डोळखांबला शाळेच्या पडवीत पाड्यापाड्यांवरच्या बाया जमल्या होत्या. आधी ती बोलली. चांगलंच बोलते ती, कलम कुठलं, अर्ज कोणाकडं. बाया ऐकत होत्या, मधेच पोरं सावरत होत्या. मग मला उभं केलं. मी कागदाचं सांगितलं, राजीखुशीचं सांगितलं. एक म्हातारी, माझ्याच वयाची, मागून म्हणाली, "ते ठीक हाय गो बाय. पण भाऊस बोलावतो का आता?"

मी जावेकडं बघितलं नाही. म्हटलं, "दोन जत्रा नाय बोलावलं. तिसऱ्या जत्रेला मी आपली न बोलावता गेले. दारात उभी राहिले. भावजयीनं ताट वाढलं, पण बोलली नाय. दादा बोलला, तो जाताना. म्हणाला, पाऊस पडायच्या आत पोच. पौषात पाऊस कुठला? पण बोलला."

मग एकीनं विचारलं, किती दिवस रडायला आलं. एकीनं विचारलं, नवरा काय म्हणाला. एकीनं पिशवीतून घडी केलेला कागद काढून माझ्याच हातात दिला, "वाच गो." पुढं आमदारीण बसलेली असताना माझ्या हातात. मी वाचला. तासभर तरी झाला असेल. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला.

परतताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, "दोन जत्रांचं तुमी मला कधी बोलला नाय."

"तू कधी इचारलं नाय."

"मी बोलत होते तेव्हा कोणी काय इचारलं नाय," ती म्हणाली. तिचा आवाज मला नवीन होता. इतक्या वर्षांत असा ऐकला नव्हता.

समजूत घालायला हवी होती. लोक म्हणतील, मोठी जाऊ ना तू. मी नाही घातली. मला बरं वाटत होतं, आणि ते मला थोडा वेळ तसंच पुरवून वापरायचं होतं.

शहापूर यायच्या आधी ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी नंतर बोलते. तुमच्या आधी बोललं की माझं कोणाच्या ध्यानात राहत नाय."

"नको," मी म्हटलं. "हाय ते बरं हाय. तूच आधी बोल."