उलथन्याचा कोपरा

कुठलीही जुनी वस्तू हातात आली की बाई आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवायच्या. मग डोळे बारीक करून म्हणायच्या, "देख, कशी झीज झाली हिची!" तेही अशा कौतुकानं, की वस्तूच्या मालकाला उगाच आपण काहीतरी कमावल्यासारखं वाटावं.

तापीकाठच्या आमच्या गावात, लालबागेत, आमची घरं भिंतीला भिंत लागून. शाळाही एकच, त्या मराठी शिकवत, मी गणित. बाई एकट्या राहायच्या, आणि शब्दांच्या बाबतीत भारी कडक. तापीचा पूर 'कमी झाला' असं मी म्हटलं की संपलंच. "पूर ओसरतो, ताप उतरतो, रंग विटतो, दगड झिजतो. सगळ्याला एकच कमी झालं, कमी झालं काय लावलंय?" नदीच्या राजघाटावर गेलो तर दर्शन राहायचं बाजूला आणि बाई पायऱ्यांवर वाकलेल्या, कुठली मधोमध खोलगट झालीय ते बघत. मला हसू यायचं. तुम्हालाही आलं असतं.

एकदा जवळच्या फोपनार गावाहून आमच्याकडे केळी आली. कच्च्या केळ्यांची भाजी परतत होते, तर बाईंनी येऊन माझ्या हातातलं लोखंडी उलथनं काढून घेतलं. अंगठा फिरवला.

"हे तुझं नाही. आईचं ना? डावखुरी होती ती."

मी थक्क झाले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, बाईंनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. आणि ती डाव्या हातानं परतायची, हे मीच विसरून गेले होते.

"कसं ओळखलंत?"

"अगं, आपलं उजव्या हाताचं उलथनं त्या कोपऱ्यात झिजतं, हे या कोपऱ्यात झिजून राहिलं. जन्मभर कढईला घासलं तिनं, दिसणारच ना!"

भाजी करपायला लागली तरी मी तशीच उभी होते. इतक्या वर्षांनी आई स्वयंपाकघरात आली होती.

निवृत्तीनंतर बाईंचेच शब्द जायला लागले. आधी माणसांची नावं, मग वस्तूंची. किल्लीला 'ते कुलपाचं' म्हणायच्या.

"वय झालं बाई, विसरतं माणूस," मी म्हटलं.

"विसरलेलं सापडतं, पोरी. ही झीज आहे." मग माझा हात घट्ट धरला. "मला भीती वाटून राहिली. सगळे शब्द गेले तर माझं उरणार काय गं?"



पुढे तर माझं नावही गेलं. भाचा त्यांना आपल्या गावी न्यायला आला त्या दिवशी मी सहज ते उलथनं घेऊन गेले आणि त्यांच्या उजव्या हातात दिलं. अंगठा कडेवरून फिरला, कोपऱ्याशी थांबला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उलथनं उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं आणि हवेतच हळूहळू परतायला लागल्या.

बाई, हे उरलंय, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

"मावशी, ते त्यांचं आहे, देऊन टाक," भाचा संकोचून म्हणाला. बाईंनी मूठ आवळली. मी ते मागितलं नाही.

आता मी नवं उलथनं आणलंय. त्याचे दोन्ही कोपरे अजून शाबूत आहेत.